नानांच्या मिसाबंदीचे कागद काढताना

२०२५ च्या जूनमध्ये राज्य सरकारनं आणीबाणीत तुरुंगात गेलेल्यांचं मानधन दुप्पट केलं, आणि त्याच निर्णयात ज्यांनी आधी अर्ज केला नव्हता त्यांना आणि योजना यायच्या आधीच जे वारले त्यांच्या हयात जोडीदाराला अर्ज करायला नव्वद दिवस दिले. आमचे नाना, म्हणजे माझे वडील, २०११ ला गेले. योजना आली २०१८ ला, २०२० ला बंद झाली, सरकार बदलल्यावर २०२२ ला परत सुरू झाली, पण ह्या सगळ्या काळात आमच्या घरात कुणी तो विषयच काढला नव्हता. ह्यावेळी माझ्या लेकीनं काढला. ती पुण्यात लॉ करतेय, तिनं फोन केला की मम्मी, आजीचा अर्ज करायचाय, आजोबांचे कागद कुठेत?

आईला दर महिन्याला औषधं लागतात, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळं पैशाची गरज आहे हे मी लपवत नाही. जेलमध्ये महिन्याहून जास्त राहिलेल्याला आता महिना २०,००० आणि तो नसेल तर जोडीदाराला १०,०००. पण कागद काढायला बसल्यावर जे जे वर आलं ते पैशाच्या पलीकडचं होतं, आणि आमच्यासारखी बरीच घरं असणार जिथं हे कधी बोललं गेलं नाही, म्हणून लिहितेय.

आधी थोडं मागचं. नाना चाळीसगाव तालुक्यात एका खाजगी शाळेत मास्तर होते, समाजवादी पक्षाचं काम करायचे. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी लागली आणि त्या पावसाळ्यातच त्यांना घरून उचललं. मिसा ह्या अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली, म्हणजे खटला नाही, शिक्षा नाही, नुसती स्थानबद्धता. जूनच्या अखेरीला कायद्यात दुरुस्ती करून ठेवलेली की का धरलं ते कैद्याला सांगायची गरज नाही. त्यांना नाशिकरोडच्या जेलमध्ये ठेवलं होतं आणि ते बाहेर आले ते थेट १९७७ च्या मार्चमध्ये. तेव्हा भाऊ आठ वर्षांचा, ताई पाचची. मी जन्मले १९७८ ला. म्हणजे ज्या गोष्टीबद्दल मी लिहितेय ती माझ्या जन्माआधी संपलेली होती, आणि तरी माझं सगळं लहानपण तिच्यातच गेलं.

कागदांची यादी तशी मोठी नव्हती. नानांच्या अटकेचा पुरावा, जेलमध्ये आत गेल्याची आणि सुटल्याची तारीख, मृत्यूचा दाखला, आई त्यांची बायको असल्याचा पुरावा, बँकेचं पासबुक, आधार, आणि स्टॅम्पपेपरवर शपथपत्र. लग्नाचा दाखला १९६५ सालच्या लग्नाचा कुठून असणार, रेशनकार्ड आणि नानांच्या शाळेच्या पेन्शनचे कागद चालले. आईचं नाव आधारवर एक आणि पेन्शनच्या कागदावर दुसरं, त्याचं वेगळं शपथपत्र झालं. हे सगळं करताना कचेरीतली माणसं चांगली वागली. एका क्लार्कनं तर आईला बसायला स्वतःची खुर्ची दिली, त्याचा कुणी चुलता डीआयआरमध्ये, म्हणजे भारत संरक्षण नियमांखाली, आत जाऊन आलेला होता म्हणे. जेलच्या दाखल्यासाठी पत्र पाठवलं आणि वाट बघत बसलो.

तेवढ्यात घरची ट्रंक उघडली. त्यात स्थानबद्धतेच्या हुकमाची कॉपी होती, टाइप केलेली, राज्याची सुरक्षितता आणि सार्वजनिक सुव्यवस्था वगैरे छापील वाक्यं आणि मधे नानांचं नाव शाईनं भरलेलं. आणि पत्रं. नानांची आईला आलेली, प्रत्येकावर जेलचा शिक्का, काही ओळी काळ्या केलेल्या. लेकीला वाटलं होतं पत्रांत काहीतरी मोठं असेल, पण सगळी पत्रं सारखीच. मी मजेत आहे, वाचन चांगलं चाललंय, इथं व्हॉलीबॉल खेळतो, पोरांना अभ्यासाला बसव. आईनं पाठवलेली पत्रं नानांनी सांभाळून परत आणली होती, तीही तशीच. आम्ही सगळे खुशाल आहोत, पाऊस बरा आहे, काळजी करू नये.

खुशाल कुणीच नव्हतं. पगार बंद झालेला. आई ब्लाउज शिवायची, सीझनला दुसऱ्यांच्या पापड-कुरडया करून द्यायची. आत्याचं जमलेलं लग्न मोडलं, मुलाकडच्यांनी कारण दिलं नाही आणि आमच्याकडूनही कुणी विचारलं नाही. लोक वाईट नव्हते, घाबरलेले होते. आई सांगते की शेजारच्या काकू रात्री मागच्या दारानं बाजरी द्यायच्या आणि सकाळी रस्त्यात दिसल्या तर मान फिरवायच्या, आणि आईनं त्यांना त्याबद्दल कधी दोष दिला नाही कारण त्यांचा नवरा सरकारी नोकरीत होता.

भाऊला शाळेत पोरं चोराचा पोरगा म्हणायची. ही गोष्ट मला पंचेचाळीशी उलटल्यावर कळली, ह्या अर्जामुळं. माझ्या आजोबांनी, म्हणजे नानांच्या वडलांनी, ४२ च्या चळवळीत जेल भोगली होती. ते सुटून आले तेव्हा गावानं मिरवणूक काढली होती, पुढं स्वातंत्र्यसैनिक म्हणून पेन्शन सुरू झाली, गावात कार्यक्रम असला की पुढच्या रांगेत खुर्ची. म्हणजे आमच्या घरात जेल ही मानाची गोष्ट होती. त्याच घरात तीस-बत्तीस वर्षांनी दुसरा माणूस जेलमध्ये गेला तर गावानं दार लावून घेतलं. आजोबा तेव्हा हयात होते, ओट्यावर बसून असायचे, आणि आई म्हणते की त्यांना पोराच्या अटकेपेक्षा हे जास्त लागलं. मला वाटतं आई-बाप राजकारणासाठी तुरुंगात गेला की पोरांवर काय परिणाम होतो हे त्या तुरुंगावर कमी आणि दाराबाहेरचे लोक त्याला काय म्हणतात ह्यावर जास्त ठरतं. नानांना परकं सरकार पकडून नेतं तर भाऊ पुढच्या रांगेत बसला असता.

दुसरी गोष्ट म्हणजे तारीख. शिक्षा झालेल्या माणसाची बायको कॅलेंडरवर खुणा तरी करू शकते. स्थानबद्धाला तारीखच नसते. आई चाळीसगावहून पॅसेंजरनं नाशिकरोडला भेटीला जायची, ताईला घेऊन, भाऊला आजोबांजवळ ठेवून, आणि दरवेळी परत आली की भाऊ एकच विचारायचा, कधी येणार. एका वकिलांनी आईला हायकोर्टाची आशा लावलेली, कारण देशातल्या नऊ हायकोर्टांनी स्थानबद्धांच्या अर्जांची दखल घेता येते असं म्हटलं होतं. मग २८ एप्रिल १९७६ ला सुप्रीम कोर्टानं चार विरुद्ध एक असा निकाल दिला की आणीबाणी चालू असेपर्यंत अशा माणसाला कोर्टात दाद मागता येणार नाही. विरोधात एकटे न्यायमूर्ती खन्ना. वकील घरी येऊन आईला म्हणाले, वहिनी, आता दार बंद झालं. त्या दिवसानंतर भाऊनं कधी येणार हे विचारणं बंद केलं असं आई सांगते, तिनं त्याला काही सांगितलेलं नव्हतं, त्यानं तोंड बघूनच ओळखलं.

माझी लेक हा निकाल कॉलेजात शिकली, पण तो आपल्या आजीच्या ओट्यावर येऊन पोचला होता हे तिला माहीत नव्हतं. तिनंच आजीला सांगितलं की तो निकाल २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठानं चुकीचा ठरवला, आणि ते लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड म्हणजे ७६ च्या त्या चौघांतल्या यशवंत चंद्रचूडांचे चिरंजीव. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पोरानं वडलांचं चुकलेलं लिहून ठेवलं, बरं केलं. आमच्याकडं कुणी काही लिहिलंच नाही."

तर नाना सुटून आले. ताई त्यांच्याजवळ जाईना, भाऊ जायचा पण बोलायचा नाही. नानांना नोकरीत परत घेतलं, मीही जन्मले, वरून सगळं सुरळीत. पण जेलमधले दिवस ही नानांच्या आयुष्यातली मोठी गोष्ट होती आणि ते ती फार आनंदानं सांगायचे, हे मला आजही नीट पचत नाही. बरॅकीत संघवाले आणि समाजवादी एकत्र, रात्ररात्र वाद, बाहेर एकमेकांचं तोंड न बघणारे आत एका ताटात जेवणारे, कोण कसा स्वयंपाक करायचा, कुणी कुणाला इंग्रजी शिकवलं. दरवर्षी त्यांचे जेलमधले मित्र आमच्याकडे जमायचे, पुढच्या खोलीत हसण्याचा आवाज आणि मागं आई भाकऱ्या थापतेय. तिच्याकडं सांगायला अशी एकही गोष्ट नव्हती. तिच्या दीड-पावणेदोन वर्षांत मित्र नव्हते, वाद नव्हते, फक्त उद्याचं पीठ होतं. नाना खोटं सांगत होते असं मी म्हणत नाही, त्यांनी खरंच खूप सोसलं असणार आणि ते हसण्याखाली दाबलं असणार. पण एकाच काळाच्या दोन गोष्टी होत्या आणि घरात एकच सांगितली गेली.

आई तरी घरी होती हेही खरं. समाजवादी नेत्या प्रमिला दंडवते येरवड्यात आणि त्यांचे पती मधु दंडवते बंगलोरच्या जेलमध्ये, दोघंही एकाच वेळी आत, असंही झालेलं आहे. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, अशा कितीतरी बाया आत होत्या. आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शहा आयोगानं देशभरातल्या अटकांचे आकडे दिलेत, मिसाखाली ३४,९८८ आणि डीआयआरखाली ७५,८१८. घरी राहिलेल्यांचा हिशेब त्यात नाही, तो आयोगाचं कामही नव्हतं, पण मग ते काम कुणाचं होतं?

आमच्या घरात जे उरलं ते सवयींच्या रूपात उरलं. भाऊ बँकेत होता, कधी युनियनच्या मिटिंगला गेला नाही, संपाच्या दिवशी रजा टाकायचा म्हणजे संपात पण नाही आणि कामावर पण नाही. सोसायटीच्या साध्या अर्जावर सही करायची तर तो आधी विचारतो की ही यादी कुठं जाणार. मी त्याला बरीच वर्षं भित्रा समजत होते आणि आता त्या शाळेतल्या पोरांचं ऐकल्यावर तो शब्द माझ्या तोंडी येणार नाही. रात्री नऊनंतर बेल वाजली की आई अजूनही आधी लाइट बंद करते आणि मग खिडकीतून बघते, आणि मीही तेच करते, माझ्या नवऱ्यानं लग्नानंतर विचारलं तेव्हा कळलं की सगळ्या घरांत असं करत नाहीत. पासपोर्टच्या व्हेरिफिकेशनला पोलीस आला तर आईचे हात थरथरत होते, तो बिचारा पाणी मागत होता.

पण सगळं वाईटच उरलं असंही नाही. नाना सुटल्यावर आईनं एक हट्ट धरला की घर तिच्या नावावर करायचं आणि बँकेत तिचं स्वतःचं खातं पाहिजे, आमच्या भागात त्या काळी हे कुणी ऐकलं नव्हतं. ताईला आणि मला तिनं एकच सांगितलं, आधी कमावत्या व्हा, मग नवरा घरात असो की आणखी कुठं. आम्ही दोघी नोकरीला लागलो त्याचं कारण शिक्षणाची आवड वगैरे नंतरचं, आधी ही भीती. ती भीती होती म्हणून मी स्वतःच्या पायावर उभी आहे, तिला नावं कशी ठेवू?

आणि लेकीचं बघा. मागं स्कॉलरशिपच्या प्रश्नावर तिच्या कॉलेजच्या पोरांनी मोर्चा काढला होता, तेव्हा आई माझ्याकडं राहायला होती. मला वाटलं आई तिला जाऊ देणार नाही, मी स्वतःच नको म्हणायच्या तयारीत होते. आईनं तिला जवळ बसवलं आणि बॉलपेननं तिच्या मनगटावर माझा नंबर लिहिला. म्हणाली, "मोबाईल काढून घेतात, नंबर पाठ नसतात तुम्हाला. आणि काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय कुठं सही करायची नाही." लेक गेली, संध्याकाळी आली, काही झालं नाही. म्हणजे जी भीती भाऊकडं कुलूप होऊन बसली तीच नातीपर्यंत पोचताना शहाणपण झाली, असं मला वाटतं, आणि हे एका घरात एकाच बाईकडून झालं.

मग जेलचा दाखला आला. आत गेल्याची तारीख, सुटल्याची तारीख, सही, शिक्का. लेकीनं मोठ्यानं वाचून दाखवला. आईनं सुटल्याची तारीख परत वाचायला सांगितली. मग तिसऱ्यांदा. नाना घरी आले तो दिवस तिला पक्का माहीत आहे, त्या दिवशी तिच्या माहेरी लग्न होतं आणि ती गेली नव्हती. कागदावरची तारीख त्याच्या आठवडाभर आधीची होती.

मार्च १९७७ म्हणजे निवडणुकीचा ऐन प्रचार. नाना जेलमधून सुटून आधी प्रचाराला गेले होते, सभा केल्या असणार, आणि मग घरी आले. नाशिकरोडहून चाळीसगाव काही तासांवर. भाऊला त्याच आठवड्यात ताप होता, आईनं शिलाईचं मशीन गहाण टाकून डॉक्टर केला होता, ते मशीन नानांनी नंतर सोडवलं ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकलेली, पण ह्या दोन गोष्टी एकमेकींना लागून आहेत हे कुणालाच माहीत नव्हतं.

आई म्हणाली, "राहू दे तो अर्ज."

मी काही बोलले नाही. लेक बोलली, म्हणाली आजी, तेव्हा देशाची निवडणूक होती, त्यांना वाटलं असेल आता हरलो तर परत आत. आई म्हणाली, "मला कळतं ते. प्रचाराला जायचंच होतं त्यांना. पण स्टेशनवर उतरून तोंड दाखवून गेले असते तर मी काय अडवणार होते?" मग म्हणाली की एवढी वर्षं संसार केला, ह्या माणसानं एकदा तरी सांगायचं. भाऊला फोन केला तर तो एवढंच म्हणाला की मला माहीत होतं, नानांच्या एका मित्रानं सांगितलं होतं, आणि मी आईला का सांगू. म्हणजे आठ वर्षांच्या त्या पोरानं मोठेपणी हेही एकट्यानंच सांभाळलं होतं.

मला नानांचा राग आला, खूप आला, अजून आहे. मला त्यांचा अभिमानही आहे. दोन्ही एकदम असतं आणि एकानं दुसरं पुसलं जात नाही, निदान माझ्यात तरी पुसलं गेलेलं नाही. ज्या सरकारनं पकडलं त्याची जबाबदारी मोठी आहे हे मी विसरत नाही, त्यांनी नेलंच नसतं तर हा आठवडा आलाच नसता. पण बाहेर आल्यावर आधी कुठं जायचं हे नानांनी ठरवलं होतं.

काही दिवसांनी आईनंच विषय काढला. म्हणाली अर्ज करायचा, पण त्यांच्या जेलचे म्हणून मी घेणार नाही, माझे म्हणून घेणार. आणि लेकीला म्हणाली तू लिहून घे. मग तिनं सांगितलं, किती ब्लाउज शिवले, कुणाकडून किती उसने घेतले आणि कधी फेडले, आत्याचं लग्न पुढं कसं जमवलं, जेलच्या भेटीला जाताना ताईला काय शिकवून न्यायची, आजोबांचं आजारपण. सगळे आकडे तिला पाठ. काकूंच्या बाजरीचे पायली-शेर पण. लेकीनं टाइप केलं, आईनं खाली सही केली आणि अर्जासोबत जोडायला लावलं. कचेरीत सांगितलं की ह्याची गरज नाही, फाईलला जे लागतं तेवढंच द्या. आई म्हणाली, गरज नसेल तुमची, असू द्या. क्लार्कनं नंबर टाकून ते पान घेतलं आणि पोच दिली.

पैसे अजून सुरू व्हायचेत. दरम्यान नानांच्या त्या जेलमधल्या मित्रांपैकी एकाच्या बायकोचा पत्ता आईनं शोधून काढला, त्या भडगावकडं एकट्या राहतात, त्यांना ह्या निर्णयाचं कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांचे मिस्टर मिसात नव्हते, डीआयआरमध्ये होते, म्हणजे केस झालेली, त्यामुळं कोर्टाचे कागद बघावे लागतील. रविवारी आम्ही तिघी जातोय, आईनं कोरं शपथपत्र आणि एक वही पिशवीत टाकून ठेवलीय.